उणे वीस अंशांच्या चेंबरमध्ये ड्रोन उडवताना

ठाणे-बेलापूर रस्त्यावर कपाटातून स्वेटर काढावा लागेल अशी थंडी जानेवारीतही क्वचितच पडते. पण त्याच रस्त्यालगत तुर्भ्याला आणि पुढे तळोज्याला, कोल्ड स्टोरेजच्या जाड दारांमागे बारा महिने उणे १८ ते उणे २५ अंश सेल्सिअस असतं. कोळंबी, मटार, आइस्क्रीम यांचे पॅलेट दहा-दहा मीटर उंच रॅकवर रचलेले असतात. दिवे मधल्या वाटेवर लटकलेले, त्यामुळे दिव्यांच्या वरचा छतापर्यंतचा पट्टा काळोखात. आणि नेमकं पाहायचं असतं ते तिथेच: छताच्या पफ पॅनलचे (दोन पत्र्यांमध्ये थंडी धरून ठेवणारा फोम भरलेल्या फळ्यांचे) सांधे, चेंबर थंड ठेवणाऱ्या पंख्यांच्या कूलरमागे साठलेला बर्फ, सगळ्यात वरच्या पॅलेटवरची लेबलं. फोर्कलिफ्टवर पिंजरा बांधून त्यात माणूस चढवण्यापेक्षा तिथे छोटा ड्रोन पाठवणं केव्हाही बरं.

थंडीत बॅटरी लवकर उतरते एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तयारीही तेवढीच होते. पण ड्रोनचं मोठं नुकसान चेंबरमध्ये होत नाही, चेंबरच्या दारात होतं. जून-जुलैत नवी मुंबईची हवा ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची धरली, तर एका घनमीटरात साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उणे २० अंशांच्या हवेत ते जेमतेम १ ग्रॅम मावतं. बाहेरच्या त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर ती पाणी सोडणार. उणे २० ला गोठलेला ड्रोन दाराबाहेर आणला की त्यावर आधी पांढरं हिमाचं पीठ धरतं, मग ते वितळतं, आणि मग ड्रोन तासभर घामेजत राहतो. हे पाणी फक्त वरच्या कवचावर नसतं. मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांत, कॅमेऱ्याच्या चपट्या रिबन केबलवर, उड्डाण सांभाळणाऱ्या फ्लाइट कंट्रोलरच्या चिपखाली, सगळीकडे असतं. अशा वेळी कुणी बॅटरी जोडली की खेळ आटोपला. म्हणून खालची निम्मी कामं दाराशी संबंधित आहेत.

कोणता ड्रोन न्यावा

जीपीएसवर विसंबणारा कॅमेरा ड्रोन इथे गैरसोयीचा. पफ पॅनलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यामुळे उपग्रह दिसत नाहीत. लोखंडी रॅकमुळे होकायंत्र भरकटतं. पोटाखालच्या कॅमेऱ्यांना जागा धरून ठेवण्यासाठी पुरेसा उजेड आणि खाली काहीतरी नक्षी लागते. काळोखात, पांढऱ्या हिमावर त्यांना काहीच सापडत नाही आणि ड्रोन बाजूला वाहू लागतो. शिवाय सर्वसाधारण कॅमेरा ड्रोनची कंपनीने सांगितलेली खालची मर्यादा बहुधा उणे १० अंश असते. उणे २० पर्यंत चालणारे औद्योगिक ड्रोन मिळतात, पण ते मोठे असतात, रॅकच्या वाटेत अवघड जातात.

या कामाला ३ इंची प्रॉपेलरचा, चारी पंख्यांना गोल कडं असलेला सिनेव्हूप सोयीचा पडतो. वजन बॅटरीसकट ३०० ते ४०० ग्रॅम, बॅटरी ४ एस (एकापुढे एक जोडलेले चार सेल) ८५० एमएएच. खोक्याला घासला तरी तो सहसा पडत नाही. मात्र तो हाताने उडवावा लागतो, म्हणून पायलटचा हात अँगल मोडमध्ये (स्टिक सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो तो मोड), जीपीएसशिवाय, आधी एखाद्या रिकाम्या गोदामात चांगला बसलेला हवा.

बदलायच्या गोष्टी थोड्या, पण महत्त्वाच्या. प्रॉपेलर पॉलिकार्बोनेटचे लावा. तारा बांधायला नायलॉनचे केबल टाय वापरू नका. सुकलेलं नायलॉन थंडीत कडक होऊन टचकन तुटतं. दुहेरी टेपवर चिकटवलेला रिसीव्हर किंवा अँटेना गारठ्यात सुटतो, त्यावर दोऱ्याचा एक वेढा द्या. बॅटरीचा पट्टा शिवणीचा हवा, नुसत्या वेल्क्रोवर भरवसा नको. कॅमेऱ्याखालचे मऊ रबरी गुट्टे उणे २० ला दगडासारखे होतात आणि चित्र थरथरतं. त्यावर इलाज म्हणजे वेग कमी ठेवणं.

आदल्या रात्री

गरम ड्रोन थंड कोरड्या हवेत नेताना बाहेरून दव धरत नाही. पण कॅमेऱ्याच्या भिंगामागे अडकलेली दमट हवा गोठते आणि पाच मिनिटांत चित्र दुधाळ होतं. बाहेरून कितीही पुसलं तरी ते जात नाही. त्यासाठी ड्रोन, ड्रोनचं चित्र पाहायचा गॉगल आणि उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या २० लिटरच्या डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. डब्यातल्या हवेत पाणी असतं अर्धाच ग्रॅम, पण फोम आणि प्लास्टिकमध्ये मुरलेली ओल त्याहून बरीच जास्त असते, म्हणून जेल सढळ घ्यायचं. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते हाताळायला चांगलं नाही. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरता येतं.

बॅटरी

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थंड पडली की तिचा आतला रोध वाढतो. धरा, ३० अंशांना एका सेलचा रोध १० मिलिओहम आहे आणि ड्रोन २० अँपिअर ओढतोय: सेल ०.२ व्होल्टने बसेल. गारठल्यावर तोच रोध ३५ मिलिओहम झाला तर सेल ०.७ व्होल्टने बसेल. म्हणजे ३.७ व्होल्ट दाखवणारा सेल थ्रॉटल (मोटरचा जोर) दिल्याक्षणी ३.० वर येतो आणि ड्रोन खाली बसतो. बॅटरीत चार्ज शिल्लक असतो, तो बाहेर काढता येत नाही इतकंच. खाली आणून थोडी गरम केली की तीच बॅटरी पुन्हा ३.७ दाखवते आणि पायलट गोंधळतो.

म्हणून बॅटऱ्या आतून गरम हव्यात. थर्मोकोलच्या डब्यात ४५ अंशांच्या पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा आणि बॅटऱ्या तिच्याशेजारी तासभर राहू द्या. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहा: ३० ते ३५ अंश योग्य, ४५ च्या वर कधीच नको. डबा चेंबरमध्ये न्या आणि उड्डाणाच्या अगदी आधी बॅटरी लावा. जमिनीपासून मीटरभर उंचीवर एक मिनिट तरंगत ठेवा. स्वतःच्या प्रवाहाने बॅटरी आणखी ऊब धरते आणि ड्रोनचं वळणं-कलणं मोजणारा जायरोही स्थिरावतो. गजर प्रति सेल ३.६ व्होल्टला लावा, तोही उड्डाणातल्या भाराखालचा. बाहेर सहा मिनिटं चालणारी बॅटरी इथे तीन मिनिटांची समजा आणि तेवढ्यातच उतरवा. मोठी वाट असेल तर तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला नवी बॅटरी घ्या.

वापरलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केलं की सेलच्या आत लिथियम धातूच्या रूपात साठतं. सेल कायमचा बिघडतो आणि पुढे आतून शॉर्ट होण्याची भीती राहते. बॅटरी पूर्ण २० अंशांवर आल्यावरच चार्ज करा. वरून हाताला कोमट लागली तरी गाभा थंड असू शकतो, म्हणून दोन तास द्या.

चेंबरची तयारी

कंप्रेसर रूमच्या ऑपरेटरशी आधी बोलून घ्या. त्याला विचारायचं ते एवढंच: "दादा, कूलर डीफ्रॉस्टला कधी जातो, आणि पंखे पंधरा मिनिटं बंद ठेवता येतील का?" डीफ्रॉस्ट म्हणजे कूलरवर जमलेलं हिम वितळवणं. भरलेल्या चेंबरमध्ये मालच इतका थंड असतो की पंधरा मिनिटांत मालाच्या तापमानाला फरक पडत नाही. पंखे चालू असताना कूलरसमोर उडवू नका. वाऱ्याचा झोत छोट्या ड्रोनला रॅकवर नेऊन आपटतो. डीफ्रॉस्टच्या वेळी आणि त्यानंतर अर्धा तास तर जाऊच नका. कॉईलवरचं हिम वितळून वाफ हवेत येते आणि प्रॉपेलरच्या पुढच्या कडेवर बर्फाचा खरखरीत थर धरतो. आवाज बदलून भरडा झाला, ड्रोन थरथरायला लागला, की बर्फ धरलाय असं समजून उतरवा.

दार बंद होऊन वीस मिनिटं झाली की मग उडवा. दारातून शिरलेली दमट हवा पट्ट्यांच्या पडद्याजवळ धुकं करते आणि गॉगलमध्ये फक्त पांढरा पडदा दिसतो. दाराचा दुसरा त्रास लवकर लक्षात येत नाही. उंची धरून ठेवणारा ड्रोन हवेचा दाब मोजतो. दार उघडलं-मिटलं की बंद चेंबरमधला दाब क्षणभर बदलतो, आणि १० पास्कलचा फरक पडला तरी ड्रोनला आपण पाऊण मीटर वर किंवा खाली गेलो असं वाटतं. तो ते "दुरुस्त" करायला जातो आणि छताला लागतो. उड्डाण सुरू असताना दाराशी एक माणूस उभा करा, माथाडी कामगारांनाही आधी सांगून ठेवा, किंवा उंची धरण्याची सोय बंद करून थ्रॉटल हातानेच सांभाळा. हा दुसरा मार्ग जास्त भरवशाचा.

माणसांबद्दल थोडक्यात पण ठामपणे. आत कधीही एकट्याने जायचं नाही. दार आतून उघडणारी कडी आणि अडकल्याची घंटा आत गेल्या गेल्या तपासा. फ्रीझर जॅकेट, बूट, आणि हातमोज्यांचे दोन थर: आत पातळ, बाहेर जाड. सलग २५ मिनिटांच्या वर थांबू नका. बोटं बधिर झाली की स्टिकवरचा अंदाज जातो आणि ते आपल्याला कळतही नाही. अमोनियाचा (चेंबर थंड करणाऱ्या यंत्रणेतल्या विषारी वायूचा) उग्र वास आला तर ड्रोन आहे तिथे टाकून बाहेर पडा.

उड्डाण

जीपीएस नसेल तर सिग्नल तुटल्यावर "घरी परत ये" ही सोय आधीच बंद करा. ती चालू असलेले काही ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतात, आणि इथे वर छत आहे. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करायचं ती सेटिंग, मोटर बंद होण्यावर ठेवा. पायलट चेंबरच्या आत, ड्रोन दिसेल अशा वाटेच्या टोकाला उभा असावा. पत्र्याच्या दाराबाहेर उभं राहून सिग्नल मिळत नाही. व्हिडिओ पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची ताकद २५ मिलिवॅट पुरते. ताकद वाढवली की पत्र्यावरून परतणाऱ्या लहरी चित्र आणखी फाडतात.

थ्रॉटलची सवय बदलावी लागते. उणे २० ची हवा ३२ अंशांच्या हवेपेक्षा साधारण २० टक्के दाट असते. बाहेर ज्या स्टिकवर ड्रोन तरंगतो, त्याच स्टिकवर इथे तो वर उसळतो. छताजवळ गेलं की पंख्यांवरचा दाब आणखी कमी होतो आणि ड्रोन छताकडे ओढला जातो. मीटरभर अंतर राखा, सांधा नीट दिसला नाही तरी.

उजेडासाठी ड्रोनवर दोन एलईडी लावा, पण कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी नको. हवेत तरंगणारे हिमाचे कण उजळून चित्रभर ठिपके दिसतात. दिवे कडांच्या बाहेरच्या बाजूला, थोडे तिरके लावले की सांध्यावरचा बर्फ सावलीसह उठून दिसतो.

थर्मल कॅमेरा असेल तर तो चालू करून दहा मिनिटं थंडीत राहू द्या. सेन्सरचं तापमान सरकत असताना आकडे खोटे येतात. आतून पाहताना बिघडलेला सांधा भोवतालपेक्षा उबदार दिसतो, कारण बाहेरची ऊब तिथून आत शिरते. रंगवलेल्या पत्र्यावर वाचन विश्वासाचं असतं. चकचकीत स्टीलवर नाही. तिथे दिसणारा गरम डाग बहुधा तुमच्या ड्रोनचं प्रतिबिंब असतो. ड्रोन हलवून पाहा. डाग सोबत सरकला तर प्रतिबिंब, जागीच राहिला तर सांधा.

अंधारात ड्रोन शोधणं

ड्रोनच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा दिवा आणि मागे लुकलुकणारा पांढरा लावला की तोंड कुठे आहे हे सोबत्याला एका नजरेत कळतं. पांढरा दिवा कॅमेऱ्यात येणार नाही असा बसवा.

ड्रोन रॅकवर कुठे तरी पडला, तर स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर उपयोगी. मुख्य बॅटरी निसटली तरी तो वाजत राहतो. पण खोक्यांच्या भिंती आवाज फिरवतात आणि तो भलत्याच वाटेतून येतोय असं वाटतं. त्यापेक्षा थर्मल कॅमेरा झटपट काम करतो. उणे २० च्या पार्श्वभूमीवर नुकत्याच चाललेल्या चार मोटर चार ठिणग्यांसारख्या उठून दिसतात. मात्र त्या लवकर निवतात, म्हणून चर्चा करत बसू नका. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक वाटेच्या टोकावरून वरच्या खणांवर कॅमेरा फिरवा.

हेच ज्ञान रात्री आवारावर दुसऱ्याचा ड्रोन ओळखायलाही लागतं, फक्त अटी उलट्या होतात. निरभ्र रात्री आकाश थर्मल कॅमेऱ्याला फार थंड दिसतं, त्यामुळे मोटरचा गरम ठिपका सापडतो. पावसाळी ढगाळ रात्री ढगच उबदार दिसतात आणि ठिपका त्यात हरवतो. कानावर भिस्त ठेवू नका. ट्रक चालू असलेल्या रस्त्यालगत शंभर मीटरवरचा छोटा ड्रोन ऐकू येत नाही. रेडिओ स्कॅनर असेल तर २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ पाहा, पण आधी चार रात्री आवारातल्या वायफायची नेहमीची रेघ नोंदवून ठेवा, नाहीतर प्रत्येक राउटर ड्रोन वाटेल. विमानाचे दिवे सरळ रेषेत सरकतात. ड्रोन थांबतो, मागे येतो, जागीच वळतो. जॅमर लावायचा विचारही नको, सरकारी परवानगीशिवाय तो बेकायदा आहे. वेळ, दिशा, अंदाजे उंची आणि दिव्याचा रंग लिहून ११२ ला कळवा.

तुमचा स्वतःचा ड्रोन मात्र चाचणीपुरताही आवारात उचलू नका. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन (जिथे उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही) फक्त २०० फुटांपर्यंत आहे, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने इथली जुनी गणितं चालत नाहीत. खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याला अणुसंशोधन केंद्रही आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशीचा पाहा आणि पोलिसांचा मनाई आदेश लागू आहे का तेही विचारा.

बाहेर पडताना

ही पायरी सगळ्यात जास्त घाईत होते, कारण तोवर सगळे कुडकुडत असतात. तरी क्रम मोडू नका.

चेंबरच्या आतच बॅटरी काढा. ड्रोनवरचं हिम मऊ ब्रशने झाडा. मग फ्रीझरला चालणाऱ्या जाड पॉलिथिनच्या झिप पिशवीत ड्रोन ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको, ती थंडीत तडकते. सोबत सिलिका जेलची पुडी आणि छोटा थर्मामीटर. पिशवीतली हवा चेंबरचीच, म्हणजे कोरडी: २० लिटर पिशवीत पाणी सुमारे ०.०२ ग्रॅम, एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी. हीच हवा ड्रोनचं संरक्षण करते. फक्त पिशवी गच्च भरू नका. उणे २० वरून ३२ अंशांवर येताना हवा पाचव्या हिश्श्याने फुगते आणि झिप उघडून जाते. पाव पिशवी सैल सोडा, झिपवर चिकटपट्टी लावा आणि ही पट्टीही आतच लावा.

गॉगल, रिमोट, थर्मल कॅमेरा, सगळ्यांना वेगळी पिशवी. वापरलेल्या बॅटऱ्याही तशाच पिशवीत, पण टर्मिनलवर टोपी घालून.

अँटी रूममध्ये (चेंबर आणि बाहेर यांच्या मधल्या खोलीत) अर्धा तास थांबता आलं तर थांबा, तिथे ४ ते ८ अंश असतात आणि तापमानाची उडी दोन टप्प्यांत होते. पण पिशवी तिथेही उघडायची नाही. बाहेर आल्यावर पिशवीच्या बाहेरून पाणी निथळायला लागेल, टेबलावर तळं साचेल. ते तसंच हवं, कारण ते पाणी ड्रोनवर आलेलं नाही. फडक्याने पुसत राहा. पिशवी घाम गाळायची थांबली आणि आतला थर्मामीटर खोलीच्या तापमानाला आला, की मगच उघडा. छोट्या ड्रोनला दोन तास, औद्योगिक ड्रोनला चार तास.

चुकून आधीच उघडलं आणि ड्रोन ओला झाला, तर बॅटरी जोडू नका आणि हेअर ड्रायरही मारू नका. गरम झोत पाणी आणखी आत ढकलतो. प्रॉपेलर काढा, ड्रोन उलटा करून पंख्याखाली तासभर ठेवा, मग सिलिका जेलच्या डब्यात चोवीस तास. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मोटर हाताने फिरवून पाहा. एखादी खरखरत असेल तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय, ती बदला. पहिल्यांदा वीज देताना प्रॉपेलर न लावता, स्मोक स्टॉपर (शॉर्ट असेल तर प्रवाह रोखणारं छोटं उपकरण) मध्ये घालूनच द्या.